मदत हवी आहे : ई-नाम या सरकारी ऑनलाइन शेतमाल बाजाराच्या आधीच्या-नंतरच्या कांदा भावांच्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. मी अर्थशास्त्रात पीएचडी करतोय. विषय डिजिटायझेशनचं अर्थशास्त्र, म्हणजे माहिती स्वस्त झाली की बाजाराचं नेमकं काय होतं. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाइल पोचले, मच्छीमार होडीतूनच भाव विचारू लागले आणि वेगवेगळ्या बंदरांतल्या भावांतली तफावत कमी झाली. तसं काही कांद्यात दिसतं का, हे मला लासलगाव-पिंपळगावकडे पाहायचंय.

अडचण अशी, की ई-नाम सुरू झालं १४ एप्रिल २०१६ ला आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी! कशाचा परिणाम कुठला, वेगळा काढणार कसा? त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर भाव आधीपासूनच फिरत होते. (गाइड म्हणतात, विषय बदल. मन होत नाही.)

अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या संकेतस्थळावरून रोजचे भाव घेतले, पण मधले बरेच दिवस कोरे आहेत. २०१४ ते २०१८ मधल्या आवक-भावाच्या वह्या बाजार समितीत बघायला मिळतात का? अर्ज कोणाकडे करायचा, सचिवांकडे की थेट माहिती अधिकारात? कोणी आडत्या किंवा शेतकरी त्या काळाबद्दल बोलायला तयार असेल तर मी नाशिकला येईन.