चुनखडीच्या जमिनीत डीएपी वाढवून काय साधते?

दर बहाराला डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नत्र व स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारे खत) वाढवूनही डाळिंबाचे शेंडे पिवळे का पडतात, हा प्रश्न आपल्या सोलापूर-मंगळवेढा पट्ट्यात नेहमीचाच आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या आणि खालची जुनी पाने ठणठणीत असतील, तर ती नत्राची नव्हे, लोहाची कमतरता समजावी. कारण नत्र जुन्या पानांतून नव्या पालवीकडे जाते, लोह तसे सहसा हलत नाही.

इकडच्या बऱ्याच जमिनींत मुक्त चुना अधिक असून सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा पुढे असतो. अशा ठिकाणी डीएपीतील ४६ टक्के स्फुरदापैकी बराचसा भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन मुळांच्या हाती लागत नाही आणि वर्षानुवर्षे साठलेले स्फुरद जस्त व लोहाच्या शोषणात आडवे येते. म्हणजे पोती वाढवावीत तशी उपासमारही वाढते.

नुसते फेरस सल्फेट (लोहाचे खत) मातीत टाकल्यास त्याचीही तीच गत होते. ते शेणखतात मुरवून द्यावे. चिलेटेड लोह (मातीत बांधले जाऊ नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरलेले लोह) जमिनीतून देणार असाल तर पुड्यावरचे नाव वाचूनच घ्यावे (दुकानदार आपणहून क्वचितच सांगतो): या सामूला ईडीटीए प्रकारचे चिलेट टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे टिकते, पण महाग पडते. ठिबक सतत चालवून मुळाशी गच्च ओल ठेवल्यानेही बायकार्बोनेट वाढून हाच पिवळेपणा येतो.

माती परीक्षणात मुक्त चुना व सूक्ष्म अन्नद्रव्येही तपासून घ्यावीत. स्फुरद भरपूर निघाल्यास यंदा डीएपी वगळून नत्रासाठी अमोनियम सल्फेट वापरावे.