'द ममी' बघितलेल्या बडोदेकरांनो, अनुभव लिहा

परवा लेकीला १९९९ सालचा 'द ममी' दाखवला. तोच, ब्रेंडन फ्रेजर आणि रेचल वाइसवाला. त्यातल्या जिवंत झालेल्या ममीने, इमहोटेपने, जबडा वासला तेव्हा बाईसाहेब खो खो हसल्या. भुंगे कातडीखाली शिरले तेव्हा मात्र गुपचूप माझ्या मांडीवर. सिनेमा संपल्यावर प्रश्न: "बाबा, आपली कमाटीबागेतली पण उठेल का?" हा प्रश्न पुण्याच्या पोरांना पडत नसणार. कमाटीबागेतल्या आपल्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत इजिप्तची खरीखुरी ममी आहे, म्हणून आपली भीती वेगळी. लिहा बघू.

दांडियाबाजारची सून
लग्न होऊन बडोद्याला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी कमाटीबाग दाखवली. छोटी आगगाडी, देवमाशाचा सांगाडा, मग ममी. मी लांबूनच नमस्कार केला. नेमका त्याच रात्री केबलवर हा सिनेमा, हिंदीतला. सासूबाई शेंगा सोलत बघत होत्या. पांढरी मांजर दिसताच तो राक्षस वाळू होऊन खिडकीतून पळाला, तशा त्यांच्या हातातल्या शेंगा थांबल्या. आमच्या ओट्यावर एक चोरटी मांजर यायची. रोज तिच्यामागे लाटणं घेऊन धावणाऱ्या आईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत दूध ठेवलं. "हिला यापुढे कुणी हुसकायचं नाही," असा हुकूम. ती मांजर पुढे अकरा वर्षं आमच्याकडे होती आणि शेवटपर्यंत चोरटीच राहिली.

किडेमास्तर
भुंग्यांबद्दल थोडं. स्कॅरॅब म्हणजे शेणाचे गोळे ढकलत नेणारा किडा, माणसं खात नाही. इजिप्तवाले त्याला पूज्य मानत, कारण गोळा ढकलणारा किडा त्यांना आकाशात सूर्य ढकलणाऱ्या देवासारखा वाटे. खरा इमहोटेपसुद्धा खलनायक नव्हे. सक्कारा इथला जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड त्याच्या नावावर आहे आणि पुढे लोक त्याला देव मानू लागले. नाकातून मेंदू काढायचं नायिका सांगते, ते मात्र खरं आहे.

सेवउसळ_जास्त_तिखट
मास्तर, जेवताना वाचत होतो हो.

रावपुऱ्यातला माजी ममी
सातवीत होतो. वाड्यातल्या पोरांनी ठरवलं की मला ममी करायचं. आजीची जुनी सुती नऊवारी आणली. डोक्यापासून गुंडाळायला घेतली. पण घट्ट बसावी म्हणून पोरं एकावर एक वेढे देत गेली आणि नऊ वार गुडघ्यांपर्यंतच पुरले! खाली आजोबांचं उपरणं जोडलं. मग जिन्याच्या अंधारात मला उभं केलं आणि सगळे लपले. वीस मिनिटं कोणी फिरकेना. मला लघवीला लागली. हात आत बांधलेले, गाठी पाठीमागे. शेवटी मी टुणटुण उड्या मारत ओरडतच खाली निघालो आणि समोरून दूध घेऊन येणारे वरच्या मजल्यावरचे पटेलकाका. "अल्या, आ शुं छे?" एवढंच म्हणाले, पण पातेलं गेलं. आजीने मला सोडवलं ते लुगडं फाटलंय का बघत बघत.

प्रतापनगरकर
मला नाही आवडला. भुताच्या सिनेमात हसू कशाला? १९३२चा बोरिस कार्लॉफचा बघा, तो खरा.

आजोबांचा नातू
काका, हसूच तर हवं! सिनेमातल्या त्या भित्र्या बेनीचा प्रसंग आठवा. ममी अंगावर येतेय आणि हा गळ्यातलं एकेक ताईत काढून एकेका धर्माची प्रार्थना पुटपुटतोय. आजोबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा तर आपला! शनिवारी मारुती, गुरुवारी दत्त आणि गणिताच्या पेपराला झाडून सगळे." एरवी बातम्यांखेरीज टीव्ही न बघणारा माणूस. डोळे पुसत हसले, आणि तेवढा प्रसंग परत लाव म्हणाले. केबलवर परत कसा लावणार? मग मीच उशी पोटाशी धरून बेनी करून दाखवला. दोनदा.

धागाकर्ता
आज म्युझियमला जाऊन आलो. निघताना लेकीने पिशवीत कापडी मांजर टाकली होती, मला वाटलं खेळायला. काचेपाशी गेल्यावर तिने ती दोन्ही हातांनी वर धरली, पाचपर्यंत आकडे मोजले आणि मांजर पिशवीत परत ठेवली.

"झालं. चल, सेव-उसळ."