बाबांच्या एफएम टूवर साडेचार हजार घालू की नको?

धरमपेठी
बाबांचा निकॉन एफएम टू हा रोलवर चालणारा कॅमेरा आणि त्याची ५० एमएमची लेन्स दहा-बारा वर्षं कपाटात पडून होती. परवा सीताबर्डीतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे नेला. त्यांनी मागचं झाकण उघडून कडेनं बोट फिरवलं, तर बोटाला काळं डांबर! उजेड आत शिरू नये म्हणून लावलेला फोम पार विरघळलाय. नवा फोम, शटरची सफाई आणि लेन्समधली बुरशी, सगळ्याचे मिळून साडेचार हजार सांगितले.

माझं मत, घालावेत. हे मॉडेल १९८२ साली आलं. १/४००० सेकंदापर्यंतचं शटर सेलशिवाय चालतं, दोन बटण सेल लागतात ते फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. उलट माझा डिजिटल बारा वर्षांत बाद. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बोर्ड येत नाही आता. दातेरी चाकं माणूस दुरुस्त करू शकतो, बोर्ड फक्त बदलता येतो.

इतवारी_हिशेब
ऐकायला झकास. पण चाक तुटलं तर ते येतं कुठून? दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून. म्हणजे एक जगवायला एक मारायचा, आणि हा साठा काही वाढत नाही.

शिवाय रंगीत रोल, धुलाई, स्कॅन धरून हजाराच्या वर जातं. ३६ फोटो. एका क्लिकला तीस रुपये! उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल बनायचा, तो कारखाना कधीचाच बंद झाला. कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म २००९ मध्ये थांबली आणि २०१० अखेर शेवटच्या लॅबनं ती धुवायला घेणं बंद केलं. तेव्हा तिच्यासाठी वापरलेले कॅमेरे ठणठणीतच होते. टिकाऊपणाचं काय लोणचं घालायचं?

खामल्याची_ताई
कोडाक्रोमचं उदाहरण ओढूनताणून आणलंय. तिचे रंग धुताना भरले जायचे, ते काम घरी होण्यासारखं नव्हतंच. ब्लॅक अँड व्हाइट मी न्हाणीघरात धुते, फक्त मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की बर्फ घालून २० अंशांवर आणावं लागतं.

धरमपेठी, कपाट कूलरच्या खोलीत आहे का? नागपूर कोरडं म्हणून आपण निर्धास्त असतो. बाहेर ४५ डिग्री, खरंय. पण चार महिने कूलर त्या खोलीत पाणीच फेकत असतो, आणि तो बंद होतो न होतो तोच पावसाळा. माझ्या हेलिओस लेन्समध्ये अशीच बुरशी धरली. काच पुसून स्वच्छ झाली, पण कोटिंगवर कोळ्याच्या जाळ्यासारखा ठसा राहिला तो राहिलाच. त्यामुळे लेन्सची सफाई लांबवू नका.

आणि स्वतः उघडायचा मोह आवरा. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे असतात, साध्या फुली पेचकसनं डोकं सोलतं. फोकसचे आटे सुटतात त्या क्षणी खूण केली नाही, तर ते परत पाच-सहा ठिकाणी बसतात आणि त्यातलं एकच बरोबर असतं. मी एका रविवारी चार वेळा बसवली. चारही वेळा फुटाळा तलावाचा पलीकडचा काठ धूसर.

महालवाला
भाऊ, तुम्ही लोक बॉडीच्या मागे कायले लागून राहिले? आमच्या बाबांचा स्टुडिओ होता. दोन बॉड्या भंगारात गेल्या, मले काहीच वाटलं नाही. पण त्यांची १०५ एमएम लेन्स मी आजही लग्नात मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या डिजिटलवर लावतो. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, १९५९ चा आहे, मधात जोडरिंग लावली की काम होते. फोकस हातानं करा लागते, बस. दीड हजारात लेन्स साफ कर अन् बॉडी शोकेसमध्ये ठेव.

बाकी ताई, तुमची हेलिओस निकॉनच्या जुन्या डिजिटलवर नका लावू. लेन्स अन् सेन्सरमधल्या अंतरात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक आहे, पण त्यापायी दूरचं फोकसच होत नाही. मिररलेसवर होते.

धरमपेठी
शोकेसमध्ये ठेवलेलं शटर आणखी जाम होईल ना, महालवाले? आणि तुमच्या बाबांच्या बॉड्या भंगारात गेल्या नसत्या तर इतवारीच्या साठ्यात दोनची भर पडली असती. तीस रुपये क्लिक मान्य आहे. वर्षाला चार रोल काढीन, त्याहून जास्त माझं पेट्रोल जातं.

इतवारी_हिशेब
पेट्रोलनं तू कुठं तरी पोचतोस. बरं, घालायचेच असतील तर नीट घाल. शटर एक सेकंदावर लाव, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर. सुकलेल्या ग्रीसचा पत्ता मंद गतीतच लागतो. साडेचार हजारात ते धरलंय का, लेखी घे.

धरमपेठी
केलं आत्ताच. ‘खट्’ आणि ‘खट्’मध्ये पावणेदोन सेकंद. काका म्हणतात, सफाईत ते धरलंय, पण लेखी काही देत नाहीत. ताई, कपाट कूलरच्या खोलीतच आहे. कूलरला चिकटून.

खामल्याची_ताई
आज हलवा. मीटरचे सेल काढले होते का?

धरमपेठी
नाही हो. एक हिरवा झालाय.