पहिल्या लॉगिनला भाषा कोणती, मराठी की इंग्रजी?

ओसरी (धागाकर्ता)
बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर काल रात्री विंडोजच्या जागी उबुंटू २४.०४ ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप त्या मशीनमध्ये नाही, म्हणून हा उद्योग. इन्स्टॉलेशन बिनबोभाट झालं. वाद पेटला तो पहिल्या लॉगिनपाशी: पडदा मराठीत ठेवायचा की इंग्रजीत?

माझं मत: मराठी, आणि तीही पहिल्या लॉगिनच्या आधीच निवडलेली. कारण भावनिक नाही. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर पहिल्या लॉगिनला तयार होतात आणि त्या घडीला जी भाषा असेल तिच्यातली नावं घेतात. भाषा मागाहून बदलली तर पुढच्या लॉगिनला एक चौकट येते, 'नावं बदलू का?' म्हणून. मी माझ्या मशीनवर न वाचता 'हो' दाबलं होतं. आतल्या फाइली हलवल्या जाणार नाहीत असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, पण वाचतंय कोण! शेजारी नवे कोरे मराठी फोल्डर उगवले, फाइली इंग्रजी फोल्डरांतच राहिल्या आणि मी अर्धा दिवस 'फोटो उडाले' म्हणून हिंडत होतो.

बाबा ७१ वर्षांचे. पेपर मराठी, पासबुक मराठी, मग संगणकानेच काय घोडं मारलंय?

दुकान_सातारा
साहेब, मत छान आहे. पण मशीन बिघडली की ती येते माझ्याकडे. मराठीतला एरर मेसेज गूगलवर टाकून बघा एकदा, हाती काही लागत नाही. तोच इंग्रजीत टाका, दहा जणांनी तोच प्रश्न विचारून ठेवलेला असतो. मी सगळ्यांना पडदा इंग्रजीत आणि टायपिंगला मराठी कीबोर्ड असं देतो. तक्रार नाही कुणाची.

अन् मशीन चालूच होईना तर? ग्राफिक्स गेलं आणि नुसता काळा टेक्स्ट कन्सोल आला की देवनागरी संपली. त्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं बसतात, जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. ऐन अडचणीत नुसत्या चौकोनांकडे बघत बसायचं.

पाऊण_मात्रा
@दुकान_सातारा, कमांडच्या आधी 'एलसी_ऑल=सी' (LC_ALL=C) एवढं जोडा, तेवढ्यापुरता मेसेज इंग्रजीत येतो. दुरुस्ती करणाऱ्याला दोन सेकंदांचं काम. त्याच्या सोयीसाठी वापरणाऱ्याने बाराही महिने परक्या भाषेत का राहायचं? गवंड्याला सोपं जावं म्हणून आपण घराला प्लास्टर करायचं सोडतो का?

दुकान_सातारा
गवंडी रोज येत नाही वो. माझ्याकडे तीच माणसं दर महिन्याला येतात 🙂

झेडपी_बाई
मी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे मी धागाकर्त्याच्या बाजूची असेन असं वाटेल. नाही. मला अडचण भाषेची नाही, शब्दांची आहे. फाइलला कुणी धारिका म्हणतो, कुणी फाईल. फोल्डर कुठे संचयिका, कुठे संचिका, आणि संचिका म्हणजे काही ठिकाणी परत फाइलच! मुलं 'फाइल सेव्ह कर' असं अस्खलित मराठीत म्हणतात. त्यांना 'धारिका जतन करा' दाखवलं की बिचारी इंग्रजी मेनू मागतात.

शिवाय आपल्या 'बंद करा'चं काय करायचं? खिडकी बंद करा, आवाज बंद करा, वायफाय बंद करा, संगणक बंद करा. इंग्रजीत याला क्लोज, म्यूट, टर्न ऑफ, शट डाउन असे चार वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे एकाच शब्दावर सगळा भार.

पाऊण_मात्रा
हा मुद्दा खरा आहे. शब्द एकसारखे असावेत म्हणून पुण्यातल्या रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी पुढाकार घेऊन 'फ्युएल' नावाचा उपक्रम चालवला होता, वारंवार लागणारे शब्द भाषेगणिक ठरवून टाकायचे असा. पण भाषांतर करतात स्वयंसेवक, आणि ते थकले की पडदा अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. वापरणारेच नसतील तर चुका कळवणार कोण? अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, पेढेही वाटून झाले. आता मेनूतल्या चुकांची यादी कोण करणार, सांगा.

कोकणी_मेवा
सगळे मेनूवर भांडताय, लॉगिनचा पासवर्ड विसरलात. आमच्या काकांनी रात्री मराठी कीबोर्ड लावून पत्र लिहिलं, मशीन लॉक केली. सकाळी पासवर्ड चूक, चूक, चूक. नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरीत टाइप करतोय हे कळायला मार्गच नाही. इन्स्टॉलरने मराठीसोबत इंग्रजी लेआउट ठेवलेला असतो तो याचसाठी. कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघा, सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस एकत्र दाबा. हे काकांना कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. मराठीत.

झेडपी_बाई
आणि युजरनेम? तिथे साधारणपणे इंग्रजी लहान अक्षरंच चालतात. म्हणजे दारावरची पाटी तर रोमनच.

ओसरी (धागाकर्ता)
सगळं वाचलं. बाई, 'बंद करा'चा किस्सा आमच्याकडे आज सकाळी घडला. बाबांना ब्राउझर बंद करायचा होता, त्यांनी मशीनच बंद केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यामुळे माझा सकाळचा आवेश जरा उतरलाय. दुकानवाल्यांचं मात्र अजून पटलेलं नाही. आमच्याकडे बिघाड वर्षातून एकदा, मेल रोज.

तोडगा आईने काढला. तिला पाककृती लिहायला स्वतंत्र खातं हवंय. भाषा प्रत्येक खात्याला वेगळी ठेवता येते, तेव्हा तिचं खातं मराठीत आणि बाबांचं इंग्रजीत. बाबांनीच मागितलं, बँकेत वीस वर्षं इंग्रजी पडद्यावर काम केलंय म्हणाले. हे मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं.

आईच्या पहिल्या लॉगिनआधी भाषापॅक पूर्ण उतरवून घेतोय, म्हणजे फोल्डर सुरुवातीपासून मराठी.

दुकान_सातारा
आणि लॉगिनचा पडदा? तो दोघांना मिळून एकच असतो, सिस्टिमच्या भाषेत. तो कुणाचा?

ओसरी (धागाकर्ता)
त्यावर घरात चर्चा चालू आहे. आवाज वाढलेत, नंतर येतो.