दहा मॅच जिंकलो म्हणून आयोवाच्या ऑफेन्सला हात जोडायचे का?

मक्याचा_राजा
काल किनिकभक्त यांनी इथे लिहिलं: "आयोवा युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा २०२३ चा सीझन १०-४ (दहा विजय, चार पराभव) झाला, डिव्हिजन जिंकली, तरी आयोवाची माणसं ऑफेन्सच्या, म्हणजे बॉल घेऊन पुढे जाणाऱ्या बाजूच्या, नावाने गळा काढतात. ऑफेन्सचे प्ले ठरवणाऱ्या ब्रायन फेरेंट्झला (ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ओसी) घालवलंत ना, आता तरी समाधान माना." तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

कसलं समाधान? परवा सीझनअखेरच्या सिट्रस बोलमध्ये टेनेसीने ३५-० ने धुतलं. त्याआधी मिशिगनने २६-०. सप्टेंबरात पेन स्टेटने ३१-०. तीन मॅचमध्ये ९२ खाल्ले, केला एकही नाही. अख्ख्या सीझनचा हिशेब मांडा: चौदा मॅचमध्ये केले २१६, दिले २०७. नऊ पॉइंटच्या फरकावर दहा विजय! ही कोच फिल पार्करच्या डिफेन्सची करामत, आणि त्याखालोखाल पंटर टोरी टेलरची (ऑफेन्स अडलं की बॉल लांब लाथाडून समोरच्याला देतो तो पंटर). मेलबर्नहून आलेल्या या पोराने एका सीझनमध्ये ४,४७९ यार्ड पंट मारून १९३८ पासूनचा विक्रम मोडला. सगळे टाळ्या वाजवतात. पंटरला इतक्या वेळा मैदानात यायची वेळ कुणी आणली, ते कुणी विचारत नाही.

माझ्या बायकोला चार वर्षांपूर्वी डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली एक) म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आता ती प्ले आधी सांगते. फर्स्ट डाउनला मधून रन, दोन यार्ड. सेकंड डाउनला परत मधून रन, एक यार्ड. थर्ड अँड सेव्हनला (तिसरी संधी, सात यार्ड बाकी) चार यार्डांचा पास. मग टोरी. तिला कळतं, तर समोरच्या डिफेन्सला कळणार नाही?

आणि ब्रायनचा तो करार. पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, अट काय तर सात विजय आणि मॅचमागे २५ पॉइंट. त्यातही डिफेन्सचे टचडाउन आणि सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडून मिळणारे दोन पॉइंट) धरून! म्हणजे डिफेन्समधल्या कूपर डेजीनने बॉल पळवून टचडाउन केला की ब्रायनचं प्रगतिपुस्तक सुधारणार. एवढी सवलत देऊन आले किती? १५.४.

पास झेलणारा चार्ली जोन्स आठवतो? २०२१ मध्ये आपल्याकडे २१ कॅच. पुढच्या वर्षी पर्ड्यूला गेला आणि ११० कॅच, १,३६१ यार्ड. पोरगा एका उन्हाळ्यात नव्याने पळायला शिकला का?

किनिकभक्त
राजे, लांबलचक लिहिलं म्हणून माणूस बरोबर ठरत नाही. तुमचा चार्ली तिकडे असताना आपण पर्ड्यूला त्यांच्याच घरी २४-३ ने हरवलं होतं. ते सोयीस्कर विसरलात.

या वर्षीचं बोला. पास फेकणारा आपला क्वार्टरबॅक मॅकनमारा मिशिगन स्टेटच्या मॅचमध्ये गुडघा घेऊन बसला. त्याआधीच लॅची गेला. मग विस्कॉन्सिनला एरिक ऑल गेला. आपलं ऑफेन्स टाइट एंडवर (ब्लॉकही करणारा, पासही झेलणारा खेळाडू) चालतं आणि दोन्ही टाइट एंड जायबंदी. बदली क्वार्टरबॅक डीकन हिलला घेऊन तुम्ही कोणते प्ले दिले असते, एकदा लिहाच. सोफ्यावर बसून सगळेच कोऑर्डिनेटर.

मी २०१२ चं ४-८ आपल्या किनिक स्टेडियममध्ये बसून बघितलंय. तुम्ही नंतर आलात, तुम्हाला दहा विजयांची किंमत नाही.

मक्याचा_राजा
@किनिकभक्त २०१२? काका, ब्रायन आपल्याकडे ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच म्हणून आला तेच २०१२ साल. छान साक्षीदार उभा केलात. आणि त्या २४-३ च्या वर्षी आपली वेस्ट डिव्हिजन कुणी जिंकली? पर्ड्यूने.

किनिकभक्त
तेव्हा ओसी ग्रेग डेव्हिस होता. प्ले तो द्यायचा. आणि मला काका म्हणू नका.

डीमॉइनकरीण
राजे, बाकी सगळं मान्य, पण "बायकोलासुद्धा कळतं" हा काय पुरावा आहे? मी २००९ पासून सीझन तिकीट घेते. कव्हर टू (डिफेन्सची एक रचना) म्हणजे काय हे आमच्या घरात मी नवऱ्याला शिकवलं. पुढच्या वेळी "माझ्या मेव्हण्यालासुद्धा कळतं" असं लिहा.

मक्याचा_राजा
ताई, माझा अर्थ तसा नव्हता. मेव्हण्याला मात्र अजूनही कळत नाही.

एम्स_वाला
आलो. फक्त आठवण करून द्यायला: २०२२, किनिक, आमच्या आयोवा स्टेटने तुम्हाला १०-७.

पुणेरी_पंटर
@एम्स_वाला २०२३, तुमचं एम्स, २०-१३. दार ओढून घ्या, थंडी आत येतेय.

पुणेरी_पंटर
मी किनिकभक्तांच्या बाजूने, पण कारण वेगळं. सगळे ब्रायनच्या मागे लागलेत. प्लेबुक कुणाचं? हेड कोच कर्क फेरेंट्झचं, ब्रायनच्या बापाचं. १९९९ पासून एकच धोरण: चूक करू नका, बॉल सांभाळा, फील्ड पोझिशन जिंका, डिफेन्सवर सोडा. ब्रायन फक्त वाचून दाखवायचा. त्याच ब्रायनने पहिल्या वर्षी ओहायो स्टेटला ५५-२४ ने हाणलं होतं. माणूस रातोरात बिनडोक झाला का? नवा ओसी येईल, तोही कर्कच्याच वहीतून प्ले काढेल. कर्कचा करार २०२९ पर्यंत आहे. लिहून ठेवा.

मक्याचा_राजा
५५-२४ मधला पहिला टचडाउन पहिल्याच प्लेला अमानी हूकरने केला होता. तो कुठे खेळायचा? डिफेन्समध्ये. बाकीचा उतारा तुम्हीच माझ्या बाजूने लिहिलाय. कर्कचं धोरण असेल, पण मग पोराला त्या खुर्चीत बसवलं कुणी?

डीमॉइनकरीण
आता मुद्द्यावर आलात. घराणेशाही! बाप हेड कोच, मुलगा ओसी, आणि नियमात अडकू नये म्हणून कागदावर मुलाचा साहेब अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. तेव्हाचा डायरेक्टर गॅरी बार्टा ब्रायनचं मूल्यमापन करणार आणि कर्क शेजारच्या खोलीत बसणार. कोण खरं बोलेल?

आमच्या जुन्या ऑफिसात मालकाचा जावई असाच बसवला होता. त्याची प्रेझेंटेशन मी करायचे, बक्षीस त्याला. तीन वर्षं सहन केलं आणि सोडलं. त्यामुळे बार्टाच्या जागी आलेल्या बेथ गोट्झने ३० ऑक्टोबरला "सीझननंतर ब्रायन नाही" असं जाहीर केलं, तेव्हा मी घरात शिरा केला. खोटं नाही सांगत.

सातारचा_सुभेदार
ताई, जावयाचं काय घेऊन बसलात. आमच्या तालुक्यात कारखान्याचा चेअरमन, बँकेचा अध्यक्ष आणि कॉलेजचा कार्यवाह एकाच घरातले. तिथे कुणी मॅचमागे २५ पॉइंटची अट घालत नाही. ब्रायनचे निदान पन्नास हजार तरी कापले.

किनिकभक्त
@डीमॉइनकरीण एखाद्याच्या नोकरीवर गदा आली म्हणून शिरा? मॅचा शिल्लक असताना माणसाला सगळ्यांसमोर "तू जाणार" सांगितलं. तरी तो पाय घट्ट रोवून राहिला आणि नियमित सीझनच्या उरलेल्या चारही मॅच जिंकून दिल्या. असा अपमान गिळून काम करून दाखवा.

मक्याचा_राजा
चारही? १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. नॉर्थवेस्टर्न आणि नेब्रास्का, दोन्ही शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर. नॉर्थवेस्टर्नची मॅच मी शिकागोला रिग्ली फील्डवर जाऊन बघितली. आठवतात फक्त पंट आणि पार्किंगचं बिल.

पुणेरी_पंटर
मधली २२-० विसरलात. रटगर्सविरुद्ध चारशेच्या वर यार्ड झाले त्या दिवशी. तेच ऑफेन्स, तोच डीकन, तोच ब्रायन. तेव्हा कुठे होतात?

मक्याचा_राजा
कुठे असणार? मंडळाच्या दिवाळीत! ११ नोव्हेंबर, शनिवार, घरची मॅच, आणि आपल्या मंडळाने बरोब्बर त्या दुपारी फराळ आणि सांस्कृतिक कार्यक्रम ठेवला. अख्ख्या सीझनमध्ये एकदा ऑफेन्स चाललं आणि मी हॉलमध्ये खुर्च्या मांडत होतो.

मंडळाचा_माणूस
हा विषय इथे का? पण काढलाच आहे तर सांगतो. लक्ष्मीपूजन १२ ला होतं, त्या दिवशी लोकांना घरी पूजा करायची होती. आधीच्या आठवड्यात हॉल नाही, नंतरच्या आठवड्यात केटरर नाही. खुर्च्या मांडायला फक्त सात जण आले आणि तक्रारी करायला नव्वद.

डीमॉइनकरीण
नव्वदमधली एक मी. वेळापत्रक वर्षभर आधी येतं. सात घरच्या मॅचा असतात, तेवढ्या तारखा टाळता येत नाहीत?

मंडळाचा_माणूस
मग पुढच्या वर्षी समितीत या ना ताई. जागा रिकामी आहे. दर वर्षी असते.

सातारचा_सुभेदार
सगळ्यांसमोर सांगतो, पहिल्या रांगेत नाट्यगीत चालू असताना फोनवर मॅच लावून "पकड! पकड!" असं ओरडणारा माणूस याच धाग्यावर आहे. पेटी वाजवणारा थांबला होता.

पुणेरी_पंटर
आवाज बंद होता.

सातारचा_सुभेदार
फोनचा बंद होता. तुझा चालू होता.

मंडळाचा_माणूस
आणि त्या दिवशी वाहून आणलेले चाळीस डबे फराळ उरला, कारण निम्मी मंडळी किनिकला. चकल्या मी दोन आठवडे ऑफिसात वाटल्या. फुटबॉलसाठी दिवाळी बुडवणारे लोक मुलांना मराठी येत नाही म्हणून रडतात.

डीमॉइनकरीण
हे अति झालं. माझी मुलगी मराठी बोलते आणि "थर्ड अँड लाँग" पण बोलते. दोन्हीचा संबंध काय?

मंडळाचा_माणूस
संबंध शनिवारचा आहे.

नवा_भिडू
मी इथे मास्टर्सला ऑगस्टमध्ये आलोय, स्टुडंट तिकीट काढलं होतं. मला ऑफेन्स वगैरे फार कळत नाही, पण पहिला क्वार्टर संपल्यावर सगळे स्टेडियमशेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतात ना, ते बघून मी रडलो. त्यानंतर मॅच कंटाळवाणी होती हे खरं आहे.

मक्याचा_राजा
@नवा_भिडू तू एका ओळीत सांगितलंस, भावा. त्यानंतर मॅच कंटाळवाणी होती. हेच मी पानभर लिहिलं.

किनिकभक्त
कंटाळा आला म्हणून कोच काढायचा? ज्यांना करमणूक हवी त्यांनी दुसरं काही बघावं. मिनेसोटाविरुद्ध डेजीनचा पंट रिटर्न रद्द केला नसता तर आज ११-३ असतो. फेअर कॅचची खूण (मी नुसता झेलतो, पळत नाही, अशी) म्हणे! त्याने फक्त पोरांना लांब राहायला सांगितलं होतं. त्या निर्णयावर कुणी धागा काढत नाही.

पुणेरी_पंटर
तो निर्णय चोरीच होती. इथे दुमत नाही. त्या मॅचची ट्रॉफी, कांस्याचा डुक्कर, आपलीच.

डीमॉइनकरीण
चोरीच.

एम्स_वाला
नियमाप्रमाणे बरोबर होतं.

सातारचा_सुभेदार
याला कुणी बोलावलं परत?

मक्याचा_राजा
चोरी होती, मान्य. पण काय म्हणताय ते ऐका जरा. घरच्या मैदानावर, दोन पॉइंटनी मागे, आणि आपली एकमेव आशा काय, तर समोरच्याने पंट करावा आणि आपल्या कॉर्नरबॅकने तो परत आणून टचडाउन करावा! ऑफेन्सकडून कुणी अपेक्षाही ठेवली नव्हती. मला तक्रार या सवयीची आहे. २०२२ ला साउथ डकोटा स्टेटशी ७-३ जिंकलो, टचडाउन नाही, एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी. त्यावर आपण टी-शर्ट छापून हसलो. हसायला नको होतं. डिफेन्समध्ये जॅक कॅम्पबेल, डेजीन, अशी पोरं परत परत येत नाहीत. त्यांच्या वर्षांत निदान मधल्या दर्जाचं ऑफेन्स असतं, तर आज अजिंक्यपदाच्या मॅचमध्ये मिशिगनच्या जागी कोण असतं सांगता येत नाही.

किनिकभक्त
साउथ डकोटा स्टेटने त्या सीझनला एफसीएसचं (कॉलेज फुटबॉलच्या दुसऱ्या पातळीचं) अजिंक्यपद जिंकलं. ऐऱ्यागैऱ्या टीमशी नव्हतो खेळलो. आणि मिशिगनच्या जागी आपण? राजे, झोपा आता.

मक्याचा_राजा
त्या टीमवर टचडाउन करायला बंदी होती का?

किनिकभक्त
बरं. थर्ड डाउनला फर्स्ट डाउनच्या खुणेच्या अलीकडे पास फेकणं मलाही कधी पटलं नाही. एवढं देतो. बाकी एक शब्द मागे घेत नाही. आणि पुढच्या वर्षी नवा ओसी आल्यावर मॅचमागे वीस पॉइंट झाले नाहीत, तर हाच धागा वर काढणार आहे.

मक्याचा_राजा
वीस झाले तर शिरा मी करतो.

डीमॉइनकरीण
शिऱ्याची मक्तेदारी माझी आहे. बाय द वे, २०२४ चं वेळापत्रक आलंय. २ नोव्हेंबर, शनिवार, विस्कॉन्सिन, किनिक. लक्ष्मीपूजन १ ला, शुक्रवारी. मंडळाचा_माणूस, हॉल कधीचा घेतलाय?

मंडळाचा_माणूस
अजून नक्की नाही.

डीमॉइनकरीण
कधीचा घेतलाय?

मंडळाचा_माणूस
२ नोव्हेंबर. दुपारी दोन. अनामत भरली आहे, परत मिळत नाही.