केसपेपर दिराच्या हातात असतो, मग पेशंटने विश्वासाने सांगितलेलं लिहायचं कुठे?

पर्वतीपायथा
नमस्कार, पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर आहे, दोनच वर्षं झालीत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक ताई डिप्रेशनसाठी येतात, सोबत कायम दीर, टोकन काढणं, फाइल सांभाळणं सगळं तोच करतो. मागच्या वेळी त्याला बाहेर बसवून बोललो तेव्हा त्यांनी लग्नाआधीच्या गर्भपाताबद्दल सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मी शिकवल्याप्रमाणे सगळं केसपेपरवर लिहिलं आणि मीच फाइल दिराच्या हातात दिली, मेडिकलमधून गोळ्या आणायला! खाली गेले तर तो जिन्यापाशी उभा राहून तेच पान वाचत होता. पुढच्या तारखेला ताई आल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात रेकॉर्ड पूर्णच हवं. मला रात्री झोप नाही. आता काय करू, आणि पुढे लिहायचं कसं?

जुना केसवर्कर
अगं, बावीस वर्षं हेच काम करतोय, फाइल नातेवाइकाच्या हातात ही आपल्याकडची रीतच आहे, ती कुणी आपल्याला वर्गात शिकवत नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम २३ बघ, गोपनीयतेचा हक्क पेशंटचा आहे आणि त्यात शारीरिक उपचारांची माहितीपण येते. दीर सोबत येतो म्हणून त्याला तो मिळत नाही. केसपेपरवर मी एवढंच लिहितो, 'वैयक्तिक ताणाबद्दल बोलणं झालं, समुपदेशन चालू', बाकीचं वेगळ्या वहीत, कुलपात. आणि कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी आहे ना, त्याला कामापुरती माहिती देता येते, तो पेशंटने स्वतः निवडायचा असतो, साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा. पहिल्याच भेटीत विचारत जा, 'तुमच्या वतीने कुणाशी बोलायचं?' बऱ्याच बायका नवऱ्याचं नाही, आईचं किंवा बहिणीचं नाव सांगतात.

रात्रपाळी
मी वॉर्डात सिस्टर आहे, दादांचं पटतं पण एक गोष्ट कुलपात ठेवू नका प्लीज. पेशंट जीव द्यायचं बोलली असेल तर ते फाइलवरच हवं, रात्री अडीचला अ‍ॅडमिट झाली तर ड्युटी डॉक्टर तुमची वही कुठे शोधणार? गर्भपाताचं नाही लिहिलं तरी गोळ्यांचा डोस चुकत नाही, पण रिस्क नाही लिहिली तर माणूस जातो.

जुना केसवर्कर
सिस्टर, अगदी बरोबर, ते माझ्याकडून सुटलं. रिस्क फाइलवरच.

सिंहगड रोड
मी पेशंटच्या बाजूने लिहिते. माझा कागद असाच सासूबाईंनी वाचला होता, त्यानंतर वर्षभर मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. मला राग वाचणाऱ्याचा नव्हता, त्या मॅडमनी नंतर काहीच झालं नाही असं दाखवलं त्याचा होता. ताईंना सांगा काय झालं ते, प्लीज.

पर्वतीपायथा
हे वाचून रडले. सांगणार आहेच, पण फोन दुसऱ्याच कुणी उचलला तर?

जुना केसवर्कर
हॉस्पिटलच्या नंबरवरून कर, 'पुढच्या तारखेसाठी फोन केला' एवढंच बोल, विषय काढू नकोस. त्या स्वतः आल्या लाइनवर तर आधी विचार, 'आत्ता मोकळं बोलता येईल का?' नाही म्हणाल्या तर वेळ त्यांनाच ठरवू दे. घरी मात्र जाऊ नकोस, अख्खी गल्ली विचारेल कोण आलं होतं. मारहाण चालू आहे असं कळलं तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर त्यांना सांग, आणि तुझ्या सीनियरला आजच सगळं सांग, एकटीने धरून बसू नकोस.

पर्वतीपायथा
सीनियर मॅडमना सांगितलं, ओरडल्या नाहीत. दुपारी फोन केला, ताईंनीच उचलला, म्हणाल्या आत्ता नाही, गुरुवारी आईकडे दत्तवाडीला असेन, अकराला करा. गजर लावून ठेवलाय.