रोजच्या वापरासाठी प्लग-इन हायब्रिड गाडी घ्यावी का?

वाटसरू :
आमच्या घरात एकच चारचाकी असणार आहे आणि ती प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि सॉकेटवरून चार्ज होणारी बॅटरी, दोन्हींवर चालणारी) असावी की नाही, याबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे. कार्यालयात जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर होतात. सुट्टीच्या दिवशी जवळपासची कामे असतात आणि अधूनमधून तीन-चारशे किलोमीटरचा लांबचा प्रवास घडतो. पाहिलेल्या गाडीत १३ युनिटांची, म्हणजे १३ किलोवॉट-तासांची, बॅटरी असून केवळ विजेवर ती ६० किलोमीटर धावते असा कंपनीचा दावा आहे. इमारतीत माझी पार्किंगची जागा ठरलेली आहे, परंतु तेथे सॉकेट नाही. कार्यालयात मात्र चार्जिंगची थोडी सोय आहे. विक्रेत्याच्या मते पेट्रोल पंपाचे तोंडही क्वचितच पाहावे लागेल. केवळ कार्यालयातील चार्जिंगवर भिस्त ठेवता येईल का, बॅटरी संपल्यावर गाडी काय ॲव्हरेज देते आणि इंजिन बराच काळ बंद राहिले तर त्याचे काही बिघडते का, या तीन प्रश्नांवर कृपया मार्गदर्शन करावे.

अर्थिंग :
आपण किलोमीटरपासून सुरुवात केली आहे. मी आधी गाडी रात्री कोठे उभी राहते ते विचारले असते. प्लग-इन हायब्रिडचा फायदा जवळजवळ सगळा ती किती नियमितपणे सॉकेटला लागते यावर ठरतो. आयसीसीटी ही स्वच्छ वाहतुकीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आणि जर्मनीतील फ्राउनहोफर संशोधन संस्था यांनी २०२२ मध्ये युरोपातील अशा गाड्यांच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खासगी मालकांच्या गाड्यांचे ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर कापले गेल्याचे दिसले, तर कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या गाड्यांच्या बाबतीत हेच प्रमाण ११ ते १५ टक्के होते. गाड्या त्याच प्रकारच्या होत्या. पण पेट्रोलचा खर्च कंपनी उचलत असेल, तर रात्री उशिरा घरी आल्यावर वायर काढून गाडीला जोडण्याचे कष्ट कोण घेणार?

आता आपल्या गाडीचे पाहू. १३ युनिटांपैकी सगळी वापरायला मिळत नाहीत. बॅटरी टिकावी म्हणून काही भाग राखीव असतो आणि हाती साधारण दहा-साडेदहा युनिटे येतात. एसी, रहदारी आणि वेग धरून एका युनिटात पाच किलोमीटरच्या आसपास अंतर होते, म्हणजे ६० चा दावा प्रत्यक्षात ५० किंवा त्याहूनही थोडा खाली येतो, आणि कडाक्याच्या थंडीत आणखी घटतो. आपले ४५ किलोमीटर त्यात बसतात, पण काठोकाठ. कार्यालयात दुपारपर्यंत पूर्ण चार्ज झालेली गाडी संध्याकाळी घरी येईल, सकाळी परत जाईल आणि कार्यालयाच्या दारात पोहोचताना जवळपास रिकामी असेल. वाटेत भाजी घेण्यासाठी वळसा घेतला किंवा मुलांना शिकवणीला सोडले, की शेवटचे काही किलोमीटर इंजिनवर जातील, आणि त्यात काही वावगे नाही, कारण गाडीची रचनाच त्यासाठी आहे. खरी अडचण सुट्टीची आहे : आठवड्याच्या शेवटी गाडी अर्ध्या चार्जवर घरी येते आणि सुट्टीची सगळी कामे तेवढ्यातच भागवावी लागतात.

कार्यालयातील 'थोडी सोय' म्हणजे नेमके काय, तेही पाहून घ्यावे. साध्या १० अँपिअरच्या सॉकेटवरून, २३० व्होल्टला, सव्वादोन किलोवॉटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला पाच-सहा तास लागतात. एका सॉकेटवर दिवसात एकच गाडी भरली जाईल, आणि आज आपण एकटे असलात तरी पुढच्या वर्षी तेथे रांग असू शकते. म्हणून इमारतीतील स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या मीटरवरून, योग्य अर्थिंग असलेले स्वतंत्र सर्किट ओढता येते का, हे गाडीची नोंदणी करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. खिडकीतून एक्स्टेंशन सोडून तासन्‌तास गाडी चार्ज करणे धोक्याचे आहे. तो विचार मनात आणू नये.

हिशेबनीस :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. माहितीपत्रकात 'लिटरला इतके किलोमीटर' असा जो डोळे दिपवणारा आकडा छापतात, तो पूर्ण चार्ज बॅटरीवरील आणि रिकाम्या बॅटरीवरील धाव एकत्र करून काढलेला असतो, आणि मालक गाडी नियमित चार्ज करेल हे त्यात गृहीत धरलेले असते. गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधन-नोंद यंत्रणेतील माहिती तपासून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रमाणित आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. म्हणून विक्रेत्याकडे फक्त एक आकडा मागावा : बॅटरी रिकामी असताना ॲव्हरेज किती?

तो आकडा हाती आला की हिशेब सोपा आहे. समजा रिकाम्या बॅटरीवर गाडी लिटरला १८ किलोमीटर देते. बॅटरीतील एका युनिटावर पाच किलोमीटर होत असले, तरी चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, त्यामुळे मीटरवर पडलेल्या युनिटामागे सव्वाचार किलोमीटरच धरावेत. १८ ला सव्वाचारने भागले की ४.२ येतात. एका लिटर पेट्रोलच्या किमतीत सव्वाचारपेक्षा जास्त युनिटे येत असतील, तरच विजेवर चालवण्यात बचत आहे. घरच्या दराने हे बहुधा जुळते. महागड्या सार्वजनिक चार्जरवर कित्येकदा जुळत नाही. शिवाय बहुतेक प्लग-इन हायब्रिडांना डीसी फास्ट चार्जिंगची, म्हणजे सार्वजनिक चार्जरवर झटपट चार्ज होण्याची, सोयच नसते, त्यामुळे लांबच्या प्रवासात चहापुरते थांबून चार्ज करण्याचा बेत कागदावरच राहतो.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. रोजच्या अंतराची सरासरी काढून निर्णय घेऊ नये. कोणी रोज २० किलोमीटर जातो आणि महिन्यातून दोन-तीनदा ४०० जातो, तर कोणी रोजच ६० जातो. महिन्याची बेरीज दोघांची सारखी येऊ शकते, पण पहिल्याची गाडी एरवी इंजिन सुरूच करणार नाही आणि दुसऱ्याची रोज करेल.

जुने गॅरेज :
तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की इंजिन बंद राहिल्याने सहसा बिघडत नाही, कारण त्याची काळजी गाडीच घेते. २०१० च्या अखेरीस आलेल्या शेव्हरोले व्होल्ट या सुरुवातीच्या प्लग-इन हायब्रिडमध्येच ही सोय होती : इंजिन काही आठवडे सुरू झाले नाही तर ते आपणहून थोडा वेळ चालत असे, आणि टाकीतील पेट्रोल फार जुने झाले की ते संपवण्यासाठीही सुरू होत असे. आपण टाकी काठोकाठ भरून ठेवू नये, एवढेच पथ्य पाळावे.

मला जास्त खटकतो तो उलटा प्रकार. बॅटरी घरापासून दोन-तीन किलोमीटरवर संपते, इंजिन थंड अवस्थेत सुरू होते, आणि ते पुरते तापण्याआधीच गाडी दारात येऊन बंद होते. असे रोज घडले तर न जळालेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये साठत जातात. अशा वापरात किलोमीटर कमी भरले म्हणून ऑइल बदलणे लांबवू नये. पुस्तिकेतील मुदत महिन्यांत मोजावी.

डिकीचा मजला उचलून पाहावा. बऱ्याच गाड्यांत बॅटरीसाठी स्टेपनीची जागा गेलेली असते आणि हातात पंक्चर दुरुस्तीचा किट ठेवलेला असतो. काही गाड्यांत पेट्रोलची टाकीही लहान असते. मोठी बॅटरी भरलेली असूनही लहान १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर गाडी जागची हलत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

सरळमार्गी :
माझे मत वेगळे आहे. रोज सॉकेट मिळणार असेल तर पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घ्यावी आणि मिळणार नसेल तर साधी हायब्रिड, जिच्यात एक-दीड युनिटाची बॅटरी असते आणि वायर जोडण्याची भानगडच नसते. प्लग-इन हायब्रिडमध्ये इंजिनाची देखभाल तर करायचीच, वर जड बॅटरीही वाहायची.

अर्थिंग :
@सरळमार्गी, दोन गाड्या असलेल्या घरासाठी आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु येथे गाडी एकच आहे आणि लांबचे प्रवास ठरलेले आहेत. ज्या मार्गांवर चार्जर विरळ आहेत तेथे टाकीतील पेट्रोलचा आधार खरा असतो. तरीही इमारतीत सॉकेटला परवानगी मिळाली नाही, तर वाटसरूंनी साध्या हायब्रिडचाच विचार करावा, कारण दुसऱ्याच्या चार्जरच्या भरवशावर एवढे जास्तीचे पैसे गुंतवणे मला पटत नाही.

वाटसरू :
सर्वांचे आभार. सॉकेटबाबत इमारतीच्या समितीला पत्र देत आहे. दरम्यान चाचणीसाठी गाडी मिळणार आहे. त्या वेळी नेमके काय पाहावे?

जुने गॅरेज :
गाडी दोनदा मागावी, एकदा पूर्ण चार्ज करून आणि एकदा बॅटरी रिकामी ठेवून. पहिल्या वेळी एसी लावून आपल्या कार्यालयाच्याच रस्त्याने जावे आणि इंजिन कोठे सुरू होते ते पाहावे. काही गाड्यांत ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा हीटर लावला तरी, बॅटरी भरलेली असताना, इंजिन जागे होते. दुसऱ्या वेळी घरच्या माणसांना सोबत घेऊन चढावर न्यावी आणि इंजिनाचा आवाज व ओढ सहन होते का ते मागे बसलेल्यांना विचारावे. विक्रेता 'चार्ज' मोड लावून चालत्या इंजिनावर बॅटरी भरून दाखवेल, पण ती वीज पेट्रोल जाळूनच तयार होते आणि महाग पडते. त्याऐवजी 'सेव्ह' मोड आहे का ते विचारावे, कारण लांबच्या प्रवासात महामार्गावर चार्ज राखून तो शेवटी शहरातल्या गर्दीत वापरता येतो.